सुक्याबरोबर ओलंही

दोन वर्षांपूर्वी याच सदरात मी एक लेख लिहिला होता. त्याचं बरंच कौतुक झालं. आठवडाभर फोन येत होते, बाजारात लोक थांबवून हात मिळवत होते. आज त्याच लेखाबद्दल थोडं बोलायचं आहे, कारण त्यातल्या एका वाक्याची मला आता लाज वाटते.

निमित्त होतं गांधी जयंतीचं. राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं-मुली घेऊन आम्ही कॉलेजच्या मैदानामागची जागा साफ करत होतो. काटेरी झुडपं, प्लास्टिक, गुटख्याच्या पुड्या हे सगळं अपेक्षितच होतं. दारूच्या बाटल्या सापडतील असंही वाटलं होतं. सापडल्या त्या मात्र खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या. अर्धं पोतं भरलं. सोबत गोळ्यांची रिकामी पाकिटं. एका मुलीने त्यातलं एक उचलून वाचलं आणि म्हणाली, "सर, ही तर आमच्या अज्जीची निद्दी गुळगी!" म्हणजे झोपेची गोळी. सगळी मुलं हसली. मला हसू आलं नाही.

कारण त्याच सुमारास दुसऱ्या वर्षातला एक मुलगा माझ्या तासाला रोज झोपत होता. हुशार मुलगा, वडील एस.टी.च्या नव्हे, तर इकडच्या के.एस.आर.टी.सी.च्या बसवर कंडक्टर. विचारलं की म्हणायचा, "रात्री अभ्यास करतो सर." डोळे लाल, बोलणं जड, आणि खाजवून खाजवून हातावर ओरखडे. आम्ही मास्तर लोक दारूचा वास ओळखतो. पण या नशेला वासच नाही. औषधाच्या बाटलीची नशा दप्तरातून सहज वर्गात येते आणि आपण 'झोप झाली नसेल' असं म्हणून पुढे जातो.

मी संतापलो आणि लिहिलं. पाच मेडिकलवाल्यांना भेटून लिहिलं. त्या लेखातलं ते वाक्य असं होतं: 'चिठ्ठी असो वा नसो, असली औषधं दुकानदारांनी ठेवूच नयेत, मुळावरच घाव घालावा.' वाक्य टाळ्या घेणारं होतं. आमच्या पेठेतल्या एका मेडिकलवाल्याने तर त्या लेखाचं कात्रण काउंटरच्या काचेखाली ठेवलं. येता-जाता ते दिसायचं. खोटं कशाला सांगू, बरं वाटायचं.

पुढे साधारण चार महिन्यांनी एक बाई कॉलेजात मला शोधत आल्या. त्यांची मुलगी आमच्याकडे बी.ए.ला. धाकटा मुलगा नऊ वर्षांचा, त्याला लहानपणापासून फिट येतात. आपल्या भागातली बरीच कुटुंबं जुन्या सवयीने मिरजेला जातात, तशी ही मंडळीही मिरजेच्या डॉक्टरांकडे जायची. तिथून क्लोबाझामच्या गोळ्या लिहून दिलेल्या होत्या. रोज रात्री एक. चार वर्षं त्या गोळ्या पेठेत मिळत होत्या, आणि चार वर्षांत त्या पोराला मोजून दोनदा फिट आली होती.

मग मिळेनाशा झाल्या. एक दुकानदार म्हणाला, "ठेवत नाही." दुसरा म्हणाला, "चिठ्ठी महाराष्ट्रातली आहे, इथं चालत नाही." तिसऱ्याने नुसतं काचेकडे बोट दाखवलं. बाईंना लिहायला-वाचायला बेताचंच येतं. त्यांनी मुलीला बोलावून ते वाचून घेतलं. माझा लेख होता.

मिरजेला जाऊन यायचं तर एक दिवसाचा रोजगार बुडतो. आठवडी सुट्टीला जाऊ, असं त्यांनी ठरवलं. चौथ्या दिवशी मुलगा शाळेच्या पायऱ्यांवर फिट येऊन पडला. कपाळाला चार टाके पडले. ही औषधं एकाएकी थांबवली की फिट उलटून येते, कधी कधी एकामागून एक येत राहते आणि जिवावर बेतते. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. त्या बाई भांडायला आल्या नव्हत्या, हेच जास्त लागलं. त्या म्हणाल्या, "सर, तुम्ही लिहिलंय ते बरोबरच असंल. पण आमच्या पोराला गोळी कुठं मिळंल तेवढं सांगा."

मी त्यांना घेऊन त्या मेडिकलमध्ये गेलो. दुकानदार माझ्याच वयाचा, शांत माणूस. त्याने आपली बाजू सांगितली, आणि तीही ऐकण्यासारखी आहे. रात्री दहाला दुकान बंद करायच्या वेळी तीन-चार पोरं येतात. हातात झेरॉक्स काढलेली चिठ्ठी, नाव खोडून दुसरं घातलेलं. नाही म्हटलं तर शिव्या, एकदा तर दगड. दिलं आणि पकडलं गेलं, तर १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा. त्यात जामीन मिळणं अवघड, आणि माल मोठ्या प्रमाणात ठरला तर शिक्षा दहा ते वीस वर्षं. "सर, चाळीस रुपयांच्या पाकिटासाठी यार तगोतार हेळ्री त्रास?" तो म्हणाला. कोण ओढवून घेईल हा त्रास? त्यापेक्षा मालच ठेवायचा नाही. ना देणं, ना भांडण, ना रजिस्टर.

त्याची भीती खरी आहे. पण या हिशेबात एक गोष्ट राहून जाते. ज्या पोराला नशा करायची आहे, तो पुढच्या दुकानात जातो, पुढच्या गावाला जातो, कुणाकडून तरी दुप्पट दराने घेतो. त्याला दहा वाटा असतात. रोगी माणसाला एकच वाट असते: हातात चिठ्ठी घेऊन उजेडी दुकानात जाणं. आपण नेमकी तीच वाट बंद केली. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात. इथं तर सुकं तसंच राहिलं आणि ओलंच जळालं.

नियम काय सांगतो, ते मी मग जाऊन पाहिलं. हे आधीच करायला हवं होतं. चिठ्ठी नोंदणीकृत डॉक्टरची हवी, तिच्यावर सही आणि तारीख हवी, रुग्णाचं नाव-पत्ता आणि औषधाचं प्रमाण हवं. डॉक्टर अमुक राज्यातलाच हवा, असं त्यात नाही. सीमा आपल्या राजकारणात आहे, चिठ्ठीत नाही. १ मार्च २०१४ पासून 'एच-१' नावाची एक यादी लागू झाली. तिच्यात काही प्रतिजैविकं आणि क्षयाची औषधं आहेत, तशीच अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम या झोपेच्या आणि शांतवणाऱ्या गोळ्या, आणि कोडीन व ट्रॅमाडॉल ही वेदनेची औषधंही आहेत. ही औषधं विकताना दुकानदाराने वेगळ्या रजिस्टरात डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि संख्या लिहायची. ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. म्हणजे कायद्याची अपेक्षा 'ठेवू नका' अशी नाही, 'लिहून ठेवा' अशी आहे. मी माझ्या लेखात नेमकं उलटं सांगितलं होतं.

गैरवापर नाही असं मात्र कुणी समजू नये. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय खात्यासाठी दिल्लीच्या 'एम्स'ने देशभर पाहणी केली, तिचा अहवाल २०१९ मध्ये आला. दहा ते पंचाहत्तर या वयोगटात सुमारे १ कोटी १८ लाख लोक झोपेची, गुंगीची औषधं वैद्यकीय कारणाशिवाय घेत होते. वेदनाशामक अफूजन्य औषधं अशाच प्रकारे घेणारे शंभरात जवळपास एक जण होते. खोकल्याच्या त्या सिरपमधलं कोडीन हेही अफूच्याच घरातलं. पोटात गेलं की त्यातला काही भाग यकृतात मॉर्फिनमध्ये बदलतो. खोकला थांबतो तो त्यामुळे, आणि गुंगी येते तीही त्यामुळेच. सरकारने हातावर हात ठेवले होते असंही नाही. एप्रिल २०१८ मध्ये ट्रॅमाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणलं. जून २०२३ मध्ये चौदा मिश्र औषधांवर बंदीचा आदेश काढला, त्यांत कोडीन आणि क्लोरफेनिरामाईनचं सिरपही होतं. प्रत्येक पावलामागे कारण होतं. पण प्रत्येक पावलाबरोबर दुकानदार आणखी एक फळी रिकामी करतो, आणि त्या फळीसमोर कुणीतरी चिठ्ठी घेऊन उभं असतं.

हे सगळं मला डोक्याने कळलं होतं. पोटातून कळलं ते गेल्या वर्षी, सासऱ्यांच्या आजारपणात.

माझी सासुरवाडी बैलहोंगलची. घरात कानडी, जावयाशी मराठी, आणि भांडण झालं तर दोन्ही. सासरे, म्हणजे आमचे मामा, कापडाच्या दुकानात दिवाणजी होते. चाळीस वर्षं तंबाखू खाल्ली. गालाच्या आत गाठ झाली, ऑपरेशन झालं, किरणं दिली. वर्षभर बरं गेलं. मग गळ्याच्या बाजूला ते पुन्हा उगवलं. डॉक्टरांनी सांगितलं, आता कापण्यात अर्थ नाही, त्रास कमी करायचा.

मामा कुरकुर करणारे नव्हते. पण मे महिन्यातल्या रात्री ते आडवे होऊ शकत नव्हते. खांबाला उशी लावून बसायचे. तोंडाने शब्द नाही, पण कॉटच्या पट्टीवर अंगठा घासत राहायचे, रात्रभर. ती पट्टी त्या जागी गुळगुळीत झाली होती. एका पहाटे मी शेजारी बसलो होतो, तेव्हा ते म्हणाले, "तडकोळ्ळाक आगंगिल्लो, मास्तर." सहन होत नाही. पंधरा वर्षांत त्यांनी मला जावईबापूच म्हटलं होतं. त्या दिवशी मास्तर म्हटलं, जणू मास्तराला यावरचं उत्तर ठाऊक असेल.

वेदनेच्या औषधांची एक शिडी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ती कॅन्सरच्या रुग्णांसाठी १९८६ मध्ये सांगितली. पहिल्या पायरीवर पॅरासिटामॉलसारख्या गोळ्या, दुसऱ्या पायरीवर कोडीन किंवा ट्रॅमाडॉलसारखी सौम्य अफूजन्य औषधं, आणि तिसऱ्या पायरीवर मॉर्फिन. मामांची दुसरी पायरीही कामी येत नव्हती. डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या. मी ती चिठ्ठी घेऊन आठ दुकानं फिरलो. एकाने चिठ्ठी वाचून माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. मी कॉलेजात शिकवतो, शर्टाची इस्त्री मोडलेली नव्हती, तरी ती नजर मला कळली. माझ्या वर्गातल्या त्या मुलाकडे मी अशाच नजरेने पाहिलं होतं.

घरातही सरळ नव्हतं. मेव्हण्याने 'अफू' हा शब्द ऐकला आणि तो उसळला. "अप्पांना आता नशा लावायची का?" म्हाताऱ्या आत्तीने डोळ्यांना पदर लावला. मॉर्फिन म्हणजे शेवट आला, असं तिला वाटलं. गैरवापराचा हा दुसरा परिणाम. औषधाचं नावच इतकं बदनाम होतं की घरचे लोकच ते आपल्या माणसाला द्यायला कचरतात. रोगी माणूसही 'मला नको' म्हणतो, कारण त्याला जाताना नशेबाज म्हणून जायचं नसतं.

इतिहासाचा मास्तर असल्यामुळे मला यातली एक गोष्ट फार विचित्र वाटते. वैद्यकीय कारणासाठी अफूचा चीक कायदेशीरपणे पिकवून परदेशी पाठवणारा देश म्हणून आपलंच नाव घेतलं जातं. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात परवान्यावर ही शेती होते. त्या परवान्यांचा कारभार पाहणारं केंद्रीय नार्कोटिक्स खात्याचं मुख्यालय ग्वाल्हेरला आहे, शिंद्यांच्या ग्वाल्हेरला. चीक जातो नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत. गाझीपूरचा कारखाना तर १८२० पासूनचा. म्हणजे दुखणं थांबवणारं द्रव्य आपल्याच मातीत पिकतं. आणि आपल्याच माणसाला ते मिळत नाही.

१९८५ चा कायदा आला तो मादक द्रव्यांचा व्यापार मोडण्यासाठी. हेतू चांगलाच होता. पण रुग्णालयाला मॉर्फिन ठेवायचं तर बाळगण्याचा परवाना वेगळा, आणण्याचा वेगळा, वाहतुकीचा वेगळा. काही अबकारी खात्याकडे, काही औषध नियंत्रकाकडे. शिवाय प्रत्येक राज्याचे नियम निराळे. सगळे परवाने एकाच वेळी जिवंत असतील तरच माल येणार. एकाची मुदत संपली की बाकीचे कागद फुकट. पुष्कळ रुग्णालयांनी हात टेकले. परिणाम असा की १९८५ मध्ये देशात रुग्णांसाठी ५७३ किलो मॉर्फिन वापरलं गेलं होतं, ते १९९७ मध्ये १८ किलोवर आलं. शंभरातले सत्त्याण्णव भाग नाहीसे झाले. या बारा वर्षांत देशातला कॅन्सर काही कमी झाला नव्हता. कॉलेजांतून शिकून बाहेर पडलेल्या डॉक्टरांच्या अख्ख्या पिढीने ही गोळी हाताळलीच नाही.

हे बदलण्यासाठी ज्यांनी जन्म वेचला, त्यांत केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल हे मोठं नाव. कोझिकोडला १९९३ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी वेदनाशमनाचं केंद्र सुरू केलं, पुढे २००३ मध्ये 'पॅलियम इंडिया' ही संस्था काढली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. अशा लोकांच्या पाठपुराव्याने संसदेने २०१४ मध्ये कायदा दुरुस्त केला. मॉर्फिन, कोडीन, फेंटानिल यांसारख्या सहा औषधांना २०१५ मध्ये 'अत्यावश्यक' ठरवलं, आणि त्यांच्यासाठी देशभर एकच नियम केला. राज्याच्या औषध नियंत्रकाने मान्यता दिलेलं रुग्णालय आता ही औषधं ठेवू शकतं, रुग्णाला देऊ शकतं. अनेक परवान्यांऐवजी एक मान्यता. कायदा सैल झाला असं नाही, त्याला डोळे आले.

पण कायद्याला डोळे आले म्हणून गावाला येतातच असं नाही. असं मान्यताप्राप्त रुग्णालय बेळगावात आहे, हे मला अकराव्या दिवशी कळलं. तेही कॉलेजातल्या एका शिपायाकडून. त्याची आई तिथेच होती. ते अकरा दिवस मामांनी त्या पट्टीवर अंगठा घासत काढले. ते कुणाच्या खात्यावर मांडायचे, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही.

तिथल्या डॉक्टरबाईंनी मेव्हण्याला समोर बसवून अर्धा तास समजावलं. दुखणं आहे म्हणून घेतलेलं औषध आणि दुखणं नसताना घेतलेलं औषध यांत फरक असतो. योग्य मात्रेत दर चार तासांनी दिलं, हळूहळू वाढवलं, तर माणूस नशेत जात नाही, शुद्धीवर येतो. पोट मात्र नक्की बांधतं, म्हणून सोबत पोट साफ होण्याचं औषध चुकवायचं नाही. मनाने एकदम बंद करायचं नाही, मनाने वाढवायचं नाही. दिलेल्या गोळ्यांची संख्या घरच्या वहीत लिहायची आणि पुढच्या खेपेला वही आणायची.

त्या रात्री मामा झोपले. आडवे होऊन झोपले. आत्ती दोनदा उठून त्यांच्या नाकाशी बोट धरून आली, इतके शांत. सकाळी उठून त्यांनी कॉफी मागितली आणि कानडी पेपर मागितला. पुढे सात आठवडे मिळाले. कारहुण्णिवीला बैलांची मिरवणूक पाहायला ते कट्ट्यावर येऊन बसले, कुठल्या बैलाची जोडी कुणाची हे सांगत. माणूस वाचला नाही. पण जो होता तो माणूस म्हणून होता.

ही रस्सीखेच आपल्याकडेच आहे असंही नाही. अमेरिकेत वेदनाशामक गोळ्यांच्या गैरवापराने हाहाकार झाला, तेव्हा तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने २०१६ मध्ये डॉक्टरांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या सूचना काही ठिकाणी इतक्या ताठरपणे पाळल्या गेल्या की वर्षानुवर्षं औषधावर असलेल्या रुग्णांच्या मात्रा झटकन कमी केल्या, काहींच्या बंदच केल्या. २०२२ मध्ये त्या केंद्राने सूचना सुधारल्या, आणि आधीच्या सूचनांच्या अशा वापराने रुग्णांचं नुकसान झालं, हेही मान्य केलं. एवढ्या मोठ्या देशाने चूक मान्य केली, तर एका स्तंभलेखकाला काय अडचण?

आता त्या दुसऱ्या वर्षाच्या मुलाबद्दल. लेख लिहिताना मी त्याच्याशी एकदाही नीट बोललो नव्हतो. बोललो ते नंतर, मामांचं आजारपण सुरू असताना. कसा कोण जाणे, रागच उरला नव्हता. त्याने सांगितलं ते ऐकून मी थक्क झालो. पहिली गोळी त्याने कुठल्याही मेडिकलमधून घेतली नव्हती. ती आजीच्या औषधांच्या डब्यातून घेतली होती. आजोबा गेल्यावर आजीला झोप येईना म्हणून डॉक्टरांनी पंधरा दिवसांसाठी अल्प्राझोलाम दिली होती. पंधरा दिवसांचं पुढे दोन वर्षं झालं. डबा देवघराच्या फळीवर. परीक्षेच्या आदल्या रात्री त्याला धडधड होत होती, तेव्हा आजीनेच प्रेमाने अर्धी गोळी दिली: "तगो, निद्दी बर्तद." घे, झोप येईल. तिथून सुरुवात झाली. सिरप नंतर आलं, मित्रांबरोबर.

म्हणजे मी पाच दुकानं फिरलो, आणि चोरवाट घरात होती. आपल्याकडे उरलेल्या गोळ्या टाकवत नाहीत. 'असू देत, कुणाला तरी लागतील.' शेजारणीची पाठ दुखते, दे आपली एक. भाच्याला खोकला, आहे की सिरप. हे सगळं प्रेमानेच चालतं. पण ज्या औषधाला चिठ्ठी लागते, त्याचं प्रेमाने वाटप होत नाही.

मुलाच्या वडिलांना मी बोलावलं. ते त्याला धारवाडच्या 'डिमहान्स'मध्ये घेऊन गेले. या गोळ्यांची सवयही एकदम तोडता येत नाही, डॉक्टरच्या देखरेखीखाली उतरवावी लागते. ज्यांना धारवाड लांब वाटतं त्यांनी निदान फोन करावा. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा राष्ट्रीय क्रमांक आहे, आणि मनाच्या कोणत्याही त्रासासाठी १४४१६ हा 'टेलि-मानस'चा. दोन्ही फुकट. मुलाचं एक वर्ष गेलं, पण तो परत आला आहे. पुढच्या बाकावर बसतो. अधूनमधून डुलकी काढतो, पण ती माझ्या शिकवण्याने.

वाचकहो, आजवर या सदरात मी उपदेश पुष्कळ केला. आज थोडक्यात, आधी स्वतःला आणि मग तुम्हाला सांगतो. घरात रोज लागणारी अशी गोळी असेल तर चिठ्ठीची मूळ प्रत जपा, एकाच डॉक्टरकडून आणि शक्यतो एकाच दुकानातून घ्या, आणि संपायच्या आठवडाभर आधी आणा. दुकानदार ओळखीचा झाला की त्याची भीतीही कमी होते. डबा देवघरावर नको, कुलपात हवा, आणि आत किती गोळ्या आहेत ते एका कागदावर लिहिलेलं हवं. दुकानदारांना एवढंच सांगणं की बनावट चिठ्ठीला जरूर नाही म्हणा, मी तुमच्या बाजूने साक्ष देईन. पण खऱ्या चिठ्ठीला 'ठेवत नाही' म्हणू नका. रजिस्टर तुमचं ओझं नाही, तुमची ढाल आहे.

मामा आषाढात गेले. तेरावा झाल्यावर बायकोने कपाट आवरलं, तर मॉर्फिनच्या तेवीस गोळ्या उरल्या होत्या. मेव्हणी म्हणाली, "राहू देत की घरात, वेळ काय सांगून येते?" मेव्हणाच म्हणाला, "नको. परत देऊन येतो." आम्ही दोघे बेळगावला गेलो. तिथल्या नर्सबाईंनी पाकीट उघडून एकेक गोळी मोजली, मामांचं नाव शोधून त्यापुढे तेवीस आकडा लिहिला, तारीख घातली आणि आमची सही घेतली. त्या म्हणाल्या, "तुमच्यासारखे परत आणून देतात म्हणून आम्हाला पुढच्याला देता येतं."

ते फिटवाल्या मुलाचं औषध आता आमच्या पेठेतच मिळतं. दुकानदार दर महिन्याला त्याच्यासाठी मागवून ठेवतो, रजिस्टरात लिहितो. फक्त माझं ते जुनं कात्रण अजून त्याच्या काचेखाली आहे. काढा म्हटलं तर म्हणाला, "असू दे सर, पोरं जरा घाबरतात." हा अंक आला की मी स्वतः त्याच्याकडे जाणार आहे. जुनं काढून हे तिथं ठेवा, एवढंच सांगायला.